पहिलं ईईजी रेकॉर्डिंग : इलेक्ट्रोड लावण्यापासून अर्थ लावण्यापर्यंत

ईईजी म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवणं. डोक्याला इलेक्ट्रोड लावले आणि स्क्रीनवर रेघा हलायला लागल्या, की मेंदूच दिसतोय असं वाटतं. पहिल्या दिवशी त्या रेघांमधला मोठा भाग पापण्यांचा, जबड्याचा, घामाचा, लोंबणाऱ्या वायरींचा आणि महावितरणच्या ५० हर्ट्झ विजेचा असतो. हा लेख मानसशास्त्र, जीवशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या आणि पुण्यात घरी किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये ईईजीला सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. एकट्या रेकॉर्डिंगवरून मनाबद्दल काहीही सांगता येत नाही. एकाच माणसाच्या, एकाच बैठकीतल्या, फक्त एका बाबतीत वेगळ्या असलेल्या दोन स्थितींची तुलना केली, तरच बोलण्यासारखं काही हाती लागतं. खालची प्रत्येक पायरी ही तुलना स्वच्छ व्हावी यासाठी आहे.

नेमकं काय मोजतोय

मेंदूच्या सालीतल्या (बाहेरच्या थरातल्या) हजारो-लाखो पेशी एकाच वेळी, एकाच लयीत सक्रिय झाल्या, की त्यांच्या विद्युतक्षेत्रांची बेरीज कवटीच्या बाहेरपर्यंत पोहोचते. एकेकट्या पेशीचा आवाज बाहेर येत नाही. सालीचा काही चौरस सेंटीमीटर भाग एकत्र हलला तरच तो दिसतो. बाहेर आल्यावर तो साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट उरतो, म्हणजे व्होल्टचा दहा हजारावा हिस्सा किंवा त्याहून कमी. वाटेतली कवटी हा सिग्नल आडवा पसरवते. त्यामुळे कपाळावरच्या इलेक्ट्रोडने टिपलेलं सगळं कपाळामागेच घडलं असं समजायचं नाही.

जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. लहरींचे पट्टे वारंवारितेवरून ओळखतात : डेल्टा ०.५ ते ४ हर्ट्झ, थीटा ४ ते ८, अल्फा ८ ते १३, बीटा १३ ते ३०, त्यावर गॅमा. हे पट्टे वारंवारितेचे आहेत, मनःस्थितीचे नव्हेत. ‘थीटा म्हणजे सर्जनशीलता, बीटा म्हणजे ताण’ असले तक्ते नेटवर भरपूर सापडतात. ते बाजूला ठेवा.

हार्डवेअर घेण्याआधी दुसऱ्यांच्या डेटावर हात बसवा

एक रुपयाही खर्च न करता निम्मं काम शिकता येतं. फिजिओनेट या संकेतस्थळावर ‘ईईजी मोटर मूव्हमेंट/इमेजरी डेटासेट’ मोफत मिळतो. १०९ स्वयंसेवक, ६४ चॅनल (म्हणजे डोक्यावरच्या ६४ जागांच्या वेगवेगळ्या रेघा), सेकंदाला १६० नमुने. प्रत्येकाच्या १४ फाइली आहेत. त्यातली पहिली एक मिनिट डोळे उघडे ठेवून, दुसरी एक मिनिट डोळे मिटून घेतलेली आहे. पायथन येत असेल तर एमएनई-पायथन ही ईईजीची लायब्ररी वापरा. त्यात हा डेटासेट थेट उतरवून घेण्याची सोय आहे. मॅटलॅब येत असेल तर ईईजीलॅब.

पहिल्या स्वयंसेवकाच्या या दोन फाइली घ्या, मागच्या बाजूचे ओ-१ आणि ओ-२ हे चॅनल निवडा आणि दोन्हींचा पॉवर स्पेक्ट्रम (कुठल्या वारंवारितेत किती ताकद आहे ते) एकाच आलेखावर काढा. डोळे मिटलेल्या फाइलीत १० हर्ट्झच्या आसपास अल्फाचा उंचवटा मोठा होतो का, ते बघा. मग असंच दहा जणांचं करा. काहींचा उंचवटा डोंगराएवढा, काहींचा जेमतेम, आणि जागाही ९ ते ११ हर्ट्झच्या दरम्यान इकडेतिकडे. माणसामाणसात किती फरक असतो ते या दहा आलेखांवरून जसं कळतं, तसं वाचून कळत नाही.

इथे नवशिके दोन ठिकाणी अडतात. पहिलं, हा डेटा अमेरिकेत घेतलेला आहे, तिथली वीज ६० हर्ट्झची. ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर (तेवढी एकच वारंवारिता काढणारा) लावून बसलात तर काहीच कमी होणार नाही. दुसरं, एमएनई सगळं व्होल्टमध्ये धरतं. या डेटासेटच्या ईडीएफ प्रकारच्या फाइली वाचताना ते रूपांतर आपोआप होतं. पण उद्या स्वतःच्या बोर्डाची मायक्रोव्होल्टमधली सीएसव्ही फाइल भरलीत आणि दहा लाखांनी भागायला विसरलात, तर स्क्रीन काळ्या रेघांनी भरून जाईल आणि तुम्ही वायरी तपासत बसाल.

काय विकत घ्यायचं

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे अपसाइड डाउन लॅब्ज या भारतीय कंपनीचं बायोअ‍ॅम्प ईएक्सजी पिल (सिग्नल वाढवणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर), एक आर्डुइनो आणि तीन इलेक्ट्रोड. एकच चॅनल मिळतो, पण अल्फा बघायला तो पुरतो. आर्डुइनो उनो ५ व्होल्टचे १०२४ भाग करतं, म्हणजे एक पायरी जवळजवळ ५ मिलिव्होल्टची. डोक्यावरचा सिग्नल त्याच्या शंभराव्या हिश्श्याचा, म्हणून आधी अ‍ॅम्प्लिफायर लागतो. त्यापुढची पायरी ओपनबीसीआय सायटन : ८ चॅनल, २४ बिट, सेकंदाला २५० नमुने. म्यूजसारखा डोक्याला बांधायचा पट्टा सोपा पडतो, पण त्याचे चार इलेक्ट्रोड कपाळावर आणि कानामागे असतात, डोक्याच्या मागच्या बाजूला एकही नाही. अल्फा बघायचा तर त्यातले कानामागचे दोन चॅनल बघा.

कुठलंही यंत्र घ्या, कच्चा सिग्नल फाइलमध्ये मिळतो की नाही हे आधी विचारा. ‘अटेन्शन ७२, मेडिटेशन ४०’ असे आकडे दाखवणाऱ्या यंत्रांची सूत्रं कंपनीकडे बंद असतात. त्या आकड्यावर अभ्यास उभा राहत नाही.

इलेक्ट्रोड सगळे एकाच धातूचे घ्या : एकतर सगळे सोन्याचा मुलामा दिलेले कप, नाहीतर सगळे सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड. धातू आणि जेल यांच्या सीमेवर स्वतःचा एक व्होल्टेज तयार होतो आणि तो प्रत्येक धातूचा वेगळा असतो. एक सोन्याचा आणि एक चांदीचा लावला, तर दोघांमधला फरक मेंदूच्या सिग्नलच्या हजारपट मोठा असू शकतो. रेघ सतत वर-खाली सरकत राहते.

पेस्टमध्ये टेन-ट्वेंटी ही घट्ट, चिकट पेस्ट केसांत टिकते. ईसीजीचं पातळ जेल केसांत पसरतं आणि शेजारच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचलं की दोन्ही एकच होऊन बसतात. ईसीजीचे चिकटपट्टीचे इलेक्ट्रोड कपाळ आणि कानामागचं हाड इथे चालतात, केसांत नाही. शील्डेड वायर, कनेक्टर, बॅटरी होल्डर असलं सामान बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एका फेरीत होतं. पेस्ट, स्पिरिट स्वॅब आणि मायक्रोपोर टेप सर्जिकल सामानाच्या दुकानात विचारा.

सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नाही. लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर भिंतीतून काढलेला. डोक्याला वायरी लावलेल्या माणसाचा यूएसबीमार्गे भिंतीतल्या विजेशी कुठलाही संबंध येता कामा नये. वळवाचा गडगडाट सुरू असताना रेकॉर्डिंग थांबवा. आणि डोक्यात बाहेरून करंट सोडणारे प्रयोग हा वेगळा विषय आहे, त्याच्या वाटेला घरी जाऊ नका.

खोली

टीव्ही, वाय-फाय राउटर, मोबाइल चार्जर, फ्रिजची भिंत यांपासून लांबची जागा निवडा. सीलिंग फॅन बंद. मोटरपेक्षा त्याचा वारा त्रासदायक असतो, कारण वायरी हलल्या की रेघ हलते. म्हणूनच एप्रिल-मेच्या दुपारी रेकॉर्डिंग ठेवू नये : फॅन लावला तर वायरी हलतात, बंद केला तर घाम येतो. घामाने एका हर्ट्झपेक्षाही संथ, मोठ्या लाटा येतात आणि सगळी रेघ पोहायला लागते. सकाळी नऊच्या आत आटपलेलं बरं.

सगळ्या वायरी एकत्र घेऊन वेणीसारख्या गुंफा आणि मानेवरून मागे न्या. मोकळ्या वायरींमध्ये जितकी जास्त जागा राहते, तितकी विजेची घरघर जास्त शिरते.

घरघर कुठून येते हे शोधायचं असेल तर मेन स्विच बंद करून बघा. गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली असेल तर ती वेळही याला सोयीची. स्पेक्ट्रममधला ५० हर्ट्झचा खांब कोसळला तर दोष खोलीत आहे. इन्व्हर्टर चालू राहिला तर मात्र फसगत होते : चौकोनी लहर देणारा इन्व्हर्टर ५० बरोबर १५० आणि २५० हर्ट्झचाही कचरा टाकतो.

डोकं

आपल्याकडे खोबरेल तेलामुळे रेकॉर्डिंगं वाया जातात. तेल विजेला अडवतं, पेस्ट धरत नाही. आदल्या रात्री शांपूने डोकं धुवायला सांगा. कंडिशनर नको, सकाळी तेल नको, जेल नको. केस पूर्ण वाळलेले हवेत. कानातले आणि डोक्यातल्या पिना काढा. कपाळावर इलेक्ट्रोड असेल तर टिकलीचा डिंक स्पिरिटने पुसा. रात्री झोप झालेली असावी. चहा-कॉफी रोजच्यासारखीच घ्यावी, पण किती वाजता घेतली ते लिहून ठेवा. तोंडात सुपारी, पान, च्युइंगगम काही नको.

आता मोजमाप. जगभर इलेक्ट्रोडच्या जागा १०-२० पद्धतीने ठरवतात. हर्बर्ट जास्पर यांनी ती १९५८ मध्ये मांडली. तुळशीबागेत मिळणारी शिंप्याची टेप आणि भुवयांची पेन्सिल एवढं पुरतं. चार खुणा शोधा : दोन डोळ्यांच्या मधला नाकाच्या मुळाचा खळगा, डोक्याच्या मागे मान सुरू होते तिथला हाडाचा उंचवटा, आणि दोन्ही कानांच्या पुढे, तोंड उघडलं की बोटाखाली खड्डा पडतो त्या जागा.

समजा खळग्यापासून उंचवट्यापर्यंत डोक्यावरून अंतर ३६ सेंटीमीटर आलं. १० टक्के म्हणजे ३.६, २० टक्के म्हणजे ७.२. नाकापासून मोजत ३.६ वर एफपीझेड, १०.८ वर एफझेड, १८ वर सीझेड, २५.२ वर पीझेड आणि ३२.४ वर ओझेड. सीझेड पक्का करायला टेप कानापासून कानापर्यंत आडवी धरा. दोन्ही रेषांचा मध्य जिथे छेदतो तो खरा सीझेड. कान ते कान ३४ सेंटीमीटर असेल तर सीझेडपासून त्याच्या २० टक्के, म्हणजे ६.८ सेंटीमीटर डावीकडे सी-३ आणि तितकंच उजवीकडे सी-४. डोक्याचा घेर ५६ असेल तर ओझेडपासून ५ टक्के, २.८ सेंटीमीटर डावीकडे ओ-१, उजवीकडे ओ-२. विषम आकडे डावे, सम आकडे उजवे. झेड मधल्या रेषेवर. अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे झाल्याने पहिल्या प्रयोगात बिघडत नाही. पण खुणा अंदाजाने करू नका, कारण पुढच्या आठवड्यात तोच इलेक्ट्रोड त्याच जागी बसवता आला पाहिजे.

इलेक्ट्रोड लावताना कंगव्याच्या टोकाने केसांत भांग पाडा आणि मायक्रोपोरच्या पट्टीने दोन्हीकडचे केस दाबून ठेवा. कातडी दिसायला हवी. स्पिरिट स्वॅबने पुसा, वाळू द्या. मग कापसाच्या काडीवर त्वचा घासायचं जेल घेऊन चार-पाचदा गोल फिरवा. लाली येईपर्यंत ठीक, ओरखडा नको. कपात पेस्ट काठोकाठ भरा, थोडी वर यावी इतकी. जागेवर दाबा आणि वरून गॉझचा छोटा चौकोन दाबून बसवा. पेस्ट कपाबाहेर रुपयाच्या नाण्यापेक्षा जास्त पसरू देऊ नका.

यंत्रात इम्पिडन्स (इलेक्ट्रोड आणि कातडी यांच्यामधला विद्युत अडथळा) तपासायची सोय असेल तर ५ किलोओहमच्या आत आणा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळे इलेक्ट्रोड साधारण सारखे असावेत. अ‍ॅम्प्लिफायर दोन इलेक्ट्रोडमधला फरक वाढवतो आणि दोघांवर सारखंच आलेलं टाकून देतो. विजेची घरघर दोघांवर सारखी येते, म्हणून ती जाते. पण एक ३ किलोओहम आणि दुसरा ४० असला, की घरघर दोघांवर सारखी उरत नाही आणि फरक म्हणून आत शिरते. स्क्रीनवर ५० हर्ट्झ दाट दिसला की फिल्टरकडे धावण्याआधी इलेक्ट्रोड पुन्हा लावा.

एकाच चॅनलचा सेट असेल तर : मुख्य इलेक्ट्रोड ओ-२ वर, दुसरा उजव्या कानामागच्या हाडावर, तिसरा डाव्या कानामागे.

पहिली दहा मिनिटं : कचरा ओळखायला शिका

प्रयोग सुरू करण्याआधी मुद्दाम कचरा रेकॉर्ड करा. प्रत्येक कृती दहा-दहा सेकंद, वेळेची नोंद वहीत. पापण्या मिटा-उघडा : कपाळावरच्या चॅनलमध्ये १०० मायक्रोव्होल्ट किंवा त्याहून उंच, गुळगुळीत टेकड्या दिसतात. बुबुळाची पुढची बाजू मागच्या पडद्याच्या मानाने धन असते आणि पापणी मिटताना डोळा फिरतो, म्हणून. डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवा : चौकोनी पायऱ्या. दात आवळा : कानाजवळच्या चॅनलमध्ये जाड, काटेरी झुडूप. मान वळवा, गिळा, कपाळाला आठ्या घाला, हाताने एक वायर हलवा. सेकंदाला एकदा किंवा थोडं जास्त, ठरावीक तालात टोक येत असेल तर नाडीवर बोट ठेवून बघा. ती हृदयाची ठिणगी असते.

ही फाइल जपून ठेवा. पुढे काही विलक्षण दिसलं की पहिल्यांदा या फाइलीशी ताडून बघायचं.

सहभागी व्यक्तीला सूचना एकदाच, साध्या शब्दांत आणि प्रत्येकाला त्याच द्या : ‘‘काकू, आरामात बसा. ओठ मिटलेले, पण दात एकमेकांना लावू नका. खांदे सैल सोडा. डोळे उघडे असतील तेव्हा समोरच्या भिंतीवरची खूण बघत राहा. खाजलं, ठसका आला तर खुशाल हला, फक्त मला सांगा.’’ दात एकमेकांना लावू नका हे वाक्य विसरलात, तर सगळ्या रेकॉर्डिंगवर जबड्याची साय धरते.

पहिला खरा प्रयोग : डोळे मिटा

एक मिनिट डोळे उघडे, एक मिनिट मिटलेले, असं चार वेळा आलटून पालटून. एकूण आठ मिनिटं. सलग चार मिनिटं उघडे आणि मग चार मिनिटं मिटलेले, असं करू नका. शेवटी येणारी पेंग आणि सुकत चाललेली पेस्ट यांचा परिणाम सगळा एकाच स्थितीवर पडतो आणि तुलना बिघडते.

डोळे मिटल्यावर एक-दोन सेकंदांत ओ-१, ओ-२ वर सेकंदाला दहाच्या आसपास, सारख्या अंतराच्या लाटा उभ्या राहतात. उघडताच विझतात. बर्गर यांनी हेच पाहिलं होतं. आजही यंत्र, इलेक्ट्रोड आणि बसवणारा हात या तिघांची यापेक्षा सोपी परीक्षा नाही. जोवर हे स्वच्छ दिसत नाही, तोवर दुसऱ्या कुठल्या प्रयोगाला हात घालू नका.

दिसलं नाही तर क्रमाने तपासा. पापण्या मिटल्याच्या टेकड्या कपाळाच्या चॅनलवर येतात का? येत नसतील तर जोडणीच चुकली आहे. ओ-२ चा इलेक्ट्रोड केसांवर तरंगतोय का? ५० हर्ट्झ इतका मोठा आहे का, की बाकी सगळं बुडतं? सहभागी पेंगतोय का? झोप लागताना अल्फा तुटतो आणि थीटा येतो, म्हणून जेवणानंतरची वेळ टाळा. डोळे मिटून कुणी मनात जोरजोरात काही आठवत असेल तरी अल्फा दबतो. हे सगळं ठीक असूनही दिसला नाही, तर दुसऱ्या माणसावर करून बघा. काही निरोगी माणसांत अल्फा मुळातच अगदी कमी असतो. त्यात आजार काही नाही.

सिग्नल साफ करणं

क्रम असा : सलग रेकॉर्डिंगवर आधी १ ते ४० हर्ट्झचा बँडपास (तेवढाच पट्टा ठेवणारा फिल्टर), गरज असेल तर ५० चा नॉच, मग तुकडे. आधी तुकडे करून मग फिल्टर लावला तर प्रत्येक तुकड्याच्या कडेला खोट्या लाटा येतात. दोन सेकंदांचे तुकडे घेतले तर स्पेक्ट्रममध्ये अर्ध्या हर्ट्झचा बारकावा मिळतो, चार सेकंदांचे घेतले तर पाव हर्ट्झचा. ज्या तुकड्यात कुठेही १०० मायक्रोव्होल्टच्या वर उडी आहे, तो टाका. किती टाकले ते दोन्ही स्थितींसाठी वेगवेगळं लिहा. एका स्थितीतले ५ आणि दुसरीतले ४० टाकावे लागले, तर तुमचा निष्कर्ष हालचालींबद्दलचा आहे.

आयसीए या, मिसळलेले सिग्नल गणिताने सुटे करणाऱ्या पद्धतीने पापण्यांचा भाग वेगळा काढता येतो, पण त्याला भरपूर चॅनल लागतात. चार चॅनलवर त्याचा भरवसा धरू नका. स्नायूंचा कचरा तर फिल्टरने जातच नाही, कारण तो बीटाच्याच पट्ट्यात बसतो. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जाग्या माणसांचे स्नायू औषधाने तात्पुरते लुळे करून ईईजी घेतला. साधारण २० हर्ट्झच्या वरची ताकद कोसळली, म्हणजे एरवी तिथे जे दिसतं त्यातलं बरंच स्नायूंचं. ‘एकाग्र झाल्यावर बीटा वाढला’ असं दिसलं, की आधी विचारा : एकाग्र होताना कपाळाला आठ्या पडल्या का?

मनातलं काम मोजायचं तर

मनातल्या गणिताचा प्रयोग सोपा वाटतो, पण कामाची निवड जपून करा. एकोणतीसचा पाढा पाठ असलेल्या आजोबांना तो म्हणायला दिला, तर ते आठवून म्हणतात, गणित करत नाहीत. पावकी-निमकीचंही तेच. त्याऐवजी १००० मधून १७ वजा करत जायला सांगा, तेही ओठ न हलवता, आणि शेवटी कितीवर पोहोचले ते विचारा. तुलनेसाठी विश्रांती घेऊ नका, मनात एकापासून पुढे मोजणं घ्या. दोन्हीकडे आतला आवाज आहे, फरक कष्टाचा. अवघड कामात एफझेडजवळ थीटा वाढणं आणि मागे अल्फा घटणं हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आजोबांना आणि नातवाला दोघांनाही पाठ आलेला पाढा आणि वजाबाकी करायला लावली, तर हा एक छान छोटा प्रकल्प होतो.

ध्यानाचा अभ्यास करायची इच्छा पुण्यात हमखास होते. बर्गर यांनी पहिली नोंद घेतली त्याच वर्षी, १९२४ मध्ये, लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू करून योगाला प्रयोगशाळेत आणलं. १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या आनंद, छिना आणि सिंग यांनी योग्यांच्या ईईजीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. समाधीत बाहेरून आवाज-उजेड देऊनही अल्फा तुटला नाही, असं त्यांनी नोंदवलं. ध्यानाची तुलना डोळे उघडून बसण्याशी कधीही करू नका, अल्फा वाढलेला दिसेल तो पापण्यांमुळे. डोळे मिटून नुसतं बसणं आणि डोळे मिटून ध्यान, असे पाच-पाच मिनिटांचे खंड आलटून पालटून घ्या, आणि प्रत्येक खंडानंतर ‘‘झोप आली होती का?’’ हे विचारा.

तिसरा प्रयोग पी-३००. एकसारख्या आवाजांत मधूनच वेगळा आवाज आला आणि तो मोजायला सांगितला असेल, तर साधारण ३०० मिलिसेकंदांनी किंवा थोडं नंतर पीझेडवर धन दिशेला उंचवटा येतो. २०० आवाज वाजवा : १६० वेळा १००० हर्ट्झ, ४० वेळा २००० हर्ट्झ, क्रम मिसळलेला. एका आवाजानंतरच्या रेघेत काही दिसत नाही. ४० तुकड्यांची सरासरी घेतली की इतर चढउतार ४० च्या वर्गमुळाने, म्हणजे सव्वासहा पटीने कमी होतात. २० मायक्रोव्होल्टचे ३ वर येतात, आणि त्यात ८-१० चा उंचवटा उठून दिसतो. इथे सगळं वेळेवर अवलंबून आहे. ब्लूटूथ इअरफोन वापरलात तर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि उंचवटा भलत्या जागी सरकतो. तारेचे इअरफोन घ्या. शक्य असेल तर तोच आवाज एका चॅनलवर थेट नोंदवा.

अर्थ लावताना

रेकॉर्डिंगआधी वहीत लिहा : कुठला चॅनल, कुठला पट्टा, कुठल्या दिशेने फरक अपेक्षित आहे. ८ चॅनल आणि ५ पट्टे म्हणजे ४० तुलना. ५ टक्क्यांच्या निकषावर त्यातल्या दोन तर नुसत्या योगायोगानेच ‘लक्षणीय’ निघतात. नंतर शोधून काढलेला फरक ही नवी शंका समजा आणि ती नव्या रेकॉर्डिंगवर तपासा.

उलटा तर्कही टाळा. गणित करताना थीटा वाढतो हे खरं धरलं, तरी थीटा वाढलाय म्हणजे हा माणूस गणित करतोय, असं होत नाही. थीटा पेंगेतही वाढतो.

हा तर्क किती लांब जाऊ शकतो ते पुण्याने पाहिलं आहे. मेंदूच्या विद्युतलहरींवरून एखाद्या घटनेचा ‘अनुभव’ आरोपीच्या आठवणीत आहे का हे सांगण्याचा दावा करणारी चाचणी भारतात तयार झाली. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषी ठरवताना तिचाही आधार घेतला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात संमतीशिवाय अशा चाचण्या, तसंच नार्को आणि पॉलिग्राफ, घेता येणार नाहीत असं सांगितलं. संमती असली तरी चाचणीचा निकाल स्वतःच पुरावा ठरत नाही, हेही त्यात आहे. ज्याला अल्फाचा साधा प्रयोग नीट करता येतो, त्याला ‘तुमच्या मुलाच्या मेंदूचा ग्राफ काढून करिअर सांगतो’ या जाहिरातीतलं गाळलेलं वाक्य लगेच दिसतं : कशाशी तुलना केली?

संमती लेखी घ्या, मराठीत. काय लावणार, किती वेळ, डेटा कुठे राहील, मधेच थांबता येईल, हे त्यात असू द्या. फाइलीला नाव देऊ नका, सांकेतिक क्रमांक द्या. नाव आणि क्रमांकाची यादी वेगळी, कुलपात. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती घ्या, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही तिची तरतूद आहे, आणि मुलाने स्वतः ‘नको’ म्हटलं तर पालकांचा होकार असूनही थांबायचं. कॉलेजमध्ये इतरांवर अभ्यास करायचा असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी रेकॉर्डिंगच्या आधी हवी.

फ्लॅश होणारे दिवे आणि जोरजोरात श्वास घ्यायला लावणं या गोष्टी रुग्णालयात, तयारीनिशी करतात. काहींना त्याने फिट येऊ शकते, तेव्हा घरी नाही. फिट येण्याचा इतिहास असलेल्यांना सहभागी करून घेऊ नका. आणि तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये एखादं टोकदार, अनोळखी वळण दिसलं तर समोरच्या माणसाला घाबरवू नका. आधी कचऱ्याची फाइल बघा, इलेक्ट्रोड दाबून बघा. ज्याला त्रास आहे त्याचा ईईजी न्यूरॉलॉजिस्टनेच बघायचा असतो. तिथे २० च्या आसपास इलेक्ट्रोड, निदान वीस मिनिटांची नोंद आणि ती वाचायला तयार झालेली नजर असते. आपल्या टेबलावरची फाइल त्यांना दाखवायची गरज नाही. त्या व्यक्तीला त्यांच्याकडे पाठवा, एवढंच.